पाण्यावरचं रान

माझं लग्न झालं तेव्हा जर्मनची पहिली लढाई चालू होती. माहेर खोपोलीचं. वडील शाळामास्तर, म्हणून मला चार इयत्ता शिकायला मिळाल्या. मुलगी शिकलेली म्हणून काही स्थळं परत गेली आणि शेवटी हे जमलं. कर्जताहून कशेळ्याकडं जाणाऱ्या वाटेवरचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव, घरची भाताची जमीन आणि दोघंच भाऊ. मला सासरी पोचवायला वडील स्वतः बैलगाडीतून आले. आमच्या खोपोलीच्या डोंगरावरून तेव्हा नुकतेच मोठे लोखंडी नळ उतरवले होते. वरच्या तळ्याचं पाणी त्यांतून खाली यायचं, त्यावर वीज व्हायची आणि ती तारांवरून मुंबईला जायची. तारा नेण्यासाठी रानातून एक रुंद पट्टा साफ केलेला होता. सासरचा डोंगर दिसला तसे वडील गाडीतच म्हणाले, "तुझं बरं झालं. ह्या डोंगराकडं अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही."

पुढच्या वीसेक वर्षांत ते लक्ष कसं गेलं, तेच मला सांगायचं आहे.

घरात सासू-सासरे नव्हते. थोरले माझे भावजी, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि धाकटे आमचे हे. भावजी ह्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठे होते; त्यांनीच ह्यांना वाढवलेलं. उंच, काटकुळे, फार बोलायचे नाहीत. माझ्याशी तर पहिली दोन वर्षं बोललेच नाहीत. काही सांगायचं असलं तर भिंतीकडं तोंड करून जावेला सांगायचे.

भाताची खाचरं खाली आणि डोंगराच्या उतारावर प्रत्येक घराचं वरकस. वरकस म्हणजे भात न पिकणारी चढाची जमीन. तिथलं गवत गुरांना आणि विकायला, आणि झाडांच्या फांद्या राबासाठी. उन्हाळ्यात त्या फांद्या खाचरात पसरून जाळायच्या, त्या राखेत भाताचं बी टाकायचं, अशी आमच्याकडची रीत. दरवर्षी कोयता लागून लागून उतारावरची झाडं हात तोडलेल्या माणसांसारखी दिसायची, तरी पावसाळ्यात पुन्हा पालवायची.

आमच्या वरकसाच्या वरच्या कोपऱ्याला मात्र कोयता लावायचा नाही, असं सासऱ्यांनी घालून दिलेलं होतं. तिथं काळ्या कातळाच्या फटीतून झरा यायचा आणि खाली गुडघाभर पाण्याची कोंड होती. भोवती जांभूळ, ऐन, उंबर, दोन जुने आंबे, आणि त्यांवर चढलेल्या वेली इतक्या दाट, की भर दुपारी आत शिरलं तर क्षणभर डोळ्यांपुढं अंधार यायचा. ह्या कोपऱ्याला सगळे 'पाण्यावरचं रान' म्हणत. गावातल्या विहिरी आटल्या की आम्ही बाया तिथून पाणी आणायचो. झऱ्याचा ओहोळ खाली आमच्या खाचरापर्यंत यायचा, त्यावर उन्हाळ्यात वांगी-मिरची व्हायची.

रानाच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी होती. तिथली एक बाई माझ्याच वयाची. तीही नुकतीच लग्न होऊन आलेली. पाण्यावर रोज गाठ पडायची. ती मला करवंदं, कंद, मधाचं पोळं आणून द्यायची, मी तिला मीठ-मसाला द्यायची. तिला हसायला काहीही पुरायचं. माझा घसरलेला पाय, भावजींची चाल, हंड्यात पडलेला बेडूक. सासरी मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ती तिथंच, कोंडीच्या काठावर.

लढाई संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली. माझी जाऊ तीन दिवसांत गेली. मूल नव्हतं. दिवस झाल्यावर भावजी सकाळी उठून पाण्यावरच्या रानात जाऊन बसू लागले. तिथं वाळलेली फांदी उचल, ओहोळातला पाला काढ, असं काहीतरी करत राहायचे. एकदा जेवायला बोलवायला मी गेले, तर भिंत नव्हती म्हणून असेल, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला हितलंच पानी आवडायचं गं पोरी." मग मी पदर सावरून खाली बसले आणि ओहोळातला पाला काढू लागले.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी कोळशाचा ठेकेदार आला. मुंबईला चुलींना, इस्त्र्यांना, हॉटेलांना कोळसा लागायचा आणि जवळच्या डोंगरांवरचं रान संपत आलं होतं. त्यानं एकेका घरी बसून वरकसातली झाडं मागितली. "मुळं तुमचीच राहतात, पुन्हा फुटतील," म्हणायचा. भावजींनी मारुतीच्या देवळात गाव जमवलं. आम्ही बाया बाहेर उभ्या राहून ऐकत होतो.

"झाडं दिली, तर राब कशाचा करनार?" भावजी म्हणाले.

"शेन हाय, गवत हाय," एकजण म्हणाला.

"आन् माती? पानी डोंगरावरनं सरळ खाली येईल. दगडगोटे घेऊन येईल खाचरात. तवा काय करनार?"

मग एकेकानं देवळाच्या पायरीला हात लावून सांगितलं, झाडं देणार नाही. त्यात सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा होता, आमच्या शेजारच्या वरकसाचा मालक, त्यानंच दिवाळीच्या आत पहिला सौदा केला. त्याला घरावर कौलं घालायची होती. भावजी त्याला विचारायला गेले, तर तो म्हणाला, "दादा, तुमचं मानूस गेलं, तुमाला झाडं. आमची मानसं अजून गळक्या घरात ऱ्हातात."

एकाचं झाल्यावर दुसऱ्याला धीर आला. शिमग्यापर्यंत उतारावर भट्ट्या धुमसू लागल्या. लाकडं रचून वर पाला-माती लिंपायची आणि आत हळूहळू जळत ठेवायचं. वाळत घातलेल्या लुगड्यांना, पापडांना, पोरांच्या केसांना त्या धुराचा वास लागला. ठाकरवाडीतली माणसंच तोडायला होती, दुसरं काम कुठं होतं? माझी मैत्रीणही डोक्यावरून लाकडं वाहायची. मला म्हणायची, "बाय, कोळसा इतका काळा की माजा दाल्ला मला वळखत नाय," आणि हसायची.

दोन पावसाळ्यांत डोंगर खालपासून वरपर्यंत लाल दिसू लागला. भावजी म्हणाले होते तसे दगडगोटे खाचरात आले. जो तो आपापलं खाचर उपसत होता. भावजी कुणाला 'मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत, उलट शेजाऱ्याचा बांध घालायला गेले. त्या सगळ्या लाल उतारावर आमचा तेवढा कोपरा हिरवा राहिला. आता तो कर्जताच्या रस्त्यावरूनही दिसायचा. आधी दिसत नव्हता; सगळीकडंच हिरवं असताना त्याच्याकडं कोण बघणार?

पुढं एक बाई आल्या, त्या तो कोपरा रस्त्यावरून पाहूनच. मुंबईला मुलींच्या शाळेत शिकवायच्या, विधवा, चाळिशीच्या. छातीचं दुखणं होतं, म्हणून डॉक्टरांनी हवापालट करायला सांगितला होता. कर्जताशेजारच्या दहिवलीत ओळखीच्यांकडं खोली घेऊन राहिल्या होत्या. एक दिवस भाड्याची गाडी करून आमच्या दारात उतरल्या आणि पाणी मागितलं. मी गूळ-पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी तांब्याकडं पाहिलं. "वहिनी, हे पाणी कुठलं हो?"

मी त्यांना वर घेऊन गेले. रानात शिरल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. भावजी तिथंच होते. बाईंनी त्यांना नमस्कार केला. "मी इथे बसून चित्र काढलं तर चालेल का?"

"बसा की," भावजी म्हणाले. "झाडं काय नको म्हंतात?"

बाई मग आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागल्या. त्या रंगवत बसायच्या आणि मी हातातलं निवडणं-टिपणं घेऊन शेजारी. त्यांनी मला पुस्तकं आणून दिली. शाळेनंतर माझं वाचणं सुटलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. त्यांचा खोकला कमी झाला. मी आजही म्हणेन, माझ्या आयुष्यात इतकं चांगलं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

मुंबईला परत जायच्या आदल्या दिवशी त्या भावजींना म्हणाल्या, "दादा, हे असंच राहिलं पाहिजे. उद्या कोणी जबरदस्ती केली तर तुम्ही एकटे काय करणार? मुंबईत ह्याची किंमत कळणारी माणसं आहेत. त्यांना एकदा दाखवायला हवं. त्यांना कळलं की ते ह्याला हात लावू देणार नाहीत."

"मानसांना ठावं झालं, की जपतील म्हंता?"

"जपतील. का नाही जपणार?"

त्या संध्याकाळी भावजी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवले. मला म्हणाले, "शेरातल्या मानसाला बी कळतंय गं पोरी. मला वाटायचं, मलाच येड लागलंय."

पुढच्या थंडीत बाई आपल्या शाळेतल्या दोन-तीन शिक्षिकांना घेऊन आल्या. सगळ्या चांगल्या होत्या. कोंडीत पाय सोडून बसल्या, पदं म्हणाल्या, जाताना शेंगांची टरफलंसुद्धा गोळा करून नेली. भावजींनी त्यांना उंबराखाली उभं करून, पाणी वर्षभर कसं टिकतं ते समजावलं. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ते वर्ष चांगलं गेलं.

बाईंनी काढलेलं चित्र शाळेच्या दिवाणखान्यात लावलं होतं म्हणे. येणारे-जाणारे विचारायचे, हे कुठलं? काश्मीर का? बाई कौतुकानं सांगायच्या, छे हो, कर्जतजवळचं. मग त्यांच्या ओळखीचे आले, त्या ओळखीच्यांच्या ओळखीचे आले, आणि दोन वर्षांत बाईंचं नावही ठाऊक नसलेली माणसं येऊ लागली. दर रविवारी सकाळच्या गाडीनं कर्जताला उतरायची, स्टेशनावर बैलगाड्या ठरवायची आणि आमच्या दारावरून वर जायची. त्यांचे स्टोव्ह, डबे, ग्रामोफोन, पत्ते. जांभळाच्या बुंध्यांवर चाकूनं नावं कोरलेली दिसू लागली. कोंडीत साबणाचा फेस तरंगायचा. आम्ही बाया रविवारी पाण्याला जायच्या बंद झालो. सोमवारी कोंड उपसून, नवं पाणी साठायची वाट बघत काठावर बसायचो.

ज्येष्ठात आमच्या आंब्यांवर सीतेची वेणी फुलायची. झाडाच्या सालीवर वाढणारी वनस्पती, तिचे गुलाबी-पांढरे घोस वेणीसारखे खाली लोंबतात. एका रविवारी एक मंडळी शिडी घेऊन आली आणि सालीसकट सगळ्या वेण्या काढून टोपल्यांत भरून घेऊन गेली. पुढं बाई आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी पाहिल्या त्या. आमच्या शेजारच्या गॅलरीत तारेनं बांधल्या होत्या. वाळून गेल्या." नंतर म्हणाल्या, "मी त्यांना बोलले. ते म्हणाले, तुम्हीच तर सांगितलंत जागेचं."

भावजींनी आधी हात जोडून पाहिलं. रविवारी रानाच्या तोंडाशी उभे राहायचे. "साबन नका लावू. झाडाला नका कापू. गाव हेच पानी पितं." काही ऐकायचे. काहींना ते रखवालदार वाटायचे आणि जाताना त्यांच्या हातावर पैसे ठेवायचे. तसं पहिल्यांदा झालं तेव्हा भावजी ते पैसे तसेच तळहातावर घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, "हे काय करू?" मी ते मारुतीपुढं ठेवून आले.

गावाला मात्र ह्या लोकांचा आधार झाला होता. कोळशाचे पैसे केव्हाच सरले होते, वरकस उघडं पडलेलं, गवतही धड होत नव्हतं. गाड्या भाड्यानं लागायच्या, कोंबड्या विकल्या जायच्या, बाया पिठलं-भाकरी करून द्यायच्या. आमचे हे तोवर कर्जताला गवताच्या गाठी बांधायच्या कामावर होते. मोटारी आल्या, मुंबईतले घोडे कमी झाले, गवताला गिऱ्हाईक राहिलं नाही, तसं ते काम बसलं. मग ह्यांनीही आमची गाडी रविवारी स्टेशनावर लावली. ज्या माणसांना भावजी वर अडवत होते, त्यांना खालून आणून सोडत होते त्यांचेच सख्खे भाऊ. दोघं एकाच पंगतीला बसून एकमेकांशी न बोलता जेवायचे आणि मी मध्ये उभी राहून वाढायची.

अशात शेजारचं वरकस मुंबईच्या एका शेठनं घेतलं. तेच, कौलांसाठी ज्याची झाडं गेली होती ते. त्यावर एक झुडूपसुद्धा नव्हतं. पण तिथून आमचं रान अगदी समोर दिसायचं, म्हणून शेठनं तीच जागा निवडली. बंगला बांधला, त्याची गॅलरी आमच्या रानाकडं केली. मग विहिरीसाठी कातळाला सुरुंग लावले. घरातली भांडी खणखणायची. विहिरीला भरपूर पाणी लागलं, शेठनं गावाला पेढे वाटले. त्या चैत्रात आमचा झरा करंगळीएवढा झाला.

भावजी कर्जताला कचेरीत जाऊन आले. तिथं त्यांना सांगितलं, ज्याची जमीन त्याची विहीर. कातळाच्या पोटात कुणाचं पाणी कुठून येतं ते कोण सांगणार? परत येऊन ते ओसरीवर बसले. मी पाणी दिलं. पिऊन म्हणाले, "बरोबर बोलला त्यो. कोन सांगनार?"

आमच्या रानात शेकरूंची जोडी होती. तांबूस, लांब शेपटीचं, मांजराएवढं जनावर. ह्या झाडावरून त्या झाडावर उडी मारायचं. बंगल्यावर आलेल्या एका तरुण पाहुण्यानं त्यातलं एक बंदुकीनं पाडलं. भावजी धावत गेले. तो पोरगा खरोखरच गोंधळला. "खार आहे हो नुसती," म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. भावजींनी शेकरू उपरण्यात घेतलं, उंबराखाली पुरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रानाभोवती काट्यांचं कुंपण घालायला घेतलं. एकट्यानं घातलं. रविवारी आलेल्या गाड्या त्यांनी वाटेवरूनच परत फिरवल्या.

तेव्हा गाव आमच्या अंगणात आलं. पूर्वी देवळात ज्यांनी पायरीला हात लावला होता, तेच सगळे.

"दादा, शंकराच्या पिंडीला बी लोकं हात लावत्यात. तुमचं रान काय देवाच्या वरताण हाय?"

"मी कुनाचं काय खाल्लं?" भावजी म्हणाले. "माजंच राखतोय."

"आमच्या पोरांच्या तोंडचं खाल्लं. मानसं आता दुसरीकडं जातील."

भावजींनी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी खाली बघूनच सांगितलं, "दादा, रान राखून पोट भरत असतं, तर मी बी राखलं असतं. माज्या पोरांना काय घालू मी? पाला?"

हे खरं होतं. आमची तीन मुलं होती. मला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं, आणि अजूनही कळत नाही. त्या रात्री कुंपण कुणीतरी उपसून ओहोळात टाकलं. कुणी, ते भावजींनी विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ठाकरवाडी उठली. वाडीची पाण्याला उतरायची पायवाट बंगल्याच्या हद्दीतून गेली होती. शेठनं तिथं तारा ओढल्या. लांबच्या वाटेनं यावं, तर झऱ्याला पाणी नाही. माझी मैत्रीण दुपारी मागच्या दारी आली. डोक्यावर दोन मडकी आणि एक गाठोडं. म्हणाली, भीमाशंकराच्या अंगाला तिच्या मामाची वाडी आहे, तिकडं चाललेत सगळे. मी तिला मिठाची पुडी बांधून दिली. मला वाटत होतं, ती जाता जाता काहीतरी बोलेल आणि हसेल. ती नुसतं "येतू बाय," म्हणाली आणि गेली. पुढं कशेळ्याच्या बाजाराला गेले, की मी ठाकरणींच्या घोळक्यात तिला बघायची. एकदाही दिसली नाही.

मग वाटण्या झाल्या. भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं वाटलं असतं. पाच माणसं बसली, खाचरं निम्मी निम्मी झाली, वरकसही उभं दुभागलं. झऱ्याचा आणि जांभळाचा भाग आमच्याकडं आला, उंबर आणि आंबे भावजींकडं. ह्यांनी आपला भाग त्याच महिन्यात शेठला दिला. मला आदल्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "भावजींना तरी विचारा." हे म्हणाले, "इचारलं. त्यो म्हनला, तुझं हाय, तू बघ." भावाला दुखवायचं ह्यांना कधीच नव्हतं.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला बाग करायची होती. भावजी आपण होऊन त्याच्याकडं गेले आणि पाण्याजवळचं मोठं जांभूळ तेवढं तोडू नका म्हणाले. शेठ म्हणाला, "मग माझी बाग तुम्हीच सांभाळा. तुम्ही आहात तोवर झाडाला हात लावणार नाही." अशा तऱ्हेनं भावजी, आमच्या घरातले वडीलधारे, आपल्याच वरकसात माळी झाले. ओहोळ बांधून नळ केला होता, त्याच्या पाण्यावर गुलाब, क्रोटन, मेंदीचं कुंपण. भावजी ते मन लावून करायचे. त्यांच्या हाताला लागलेलं झाड मरत नसे.

उरलेले आंबे आणि उंबर वरून शेंड्यापासून वाळत आले. खाली पाण्याची ओल राहिली नव्हती. भावजी संध्याकाळी बागेतलं काम आटोपून तिथं घागरी ओतायचे, पण एवढ्या मोठ्या झाडांना घागरींचं पाणी किती पुरणार? उंबर एका पावसाळ्यात आडवा झाला.

बाई एकदाच आल्या त्यानंतर. आता रस्ता झाला होता, सर्व्हिस मोटारीनं आल्या. बंगल्याची बाग पाहिली, लाल उतार पाहिला आणि आमच्या ओसरीवर बसून रडल्या. भावजी समोर उभे होते, हातात बागेची कात्री.

"माझ्यामुळं झालं दादा. मी कुणाला सांगितलंच नसतं तर..."

"तर कोळशेवाल्यानं नेलं असतं," भावजी म्हणाले. "नायतर आजून कुनी. तुमी रडू नका बाई. तुमाला आवडलं, त्यात तुमचा काय गुना? समद्यांनाच आवडलं."

बाईंनी चित्र सोबत आणलं होतं. शाळेतून मागून घेतलेलं, भावजींना द्यायला. भावजींनी ते हातात घेऊन नीट पाहिलं. छान आहे म्हणाले, आणि परत त्यांच्या हातात दिलं. "आमच्या घरात भिताडाला वल येती. खराब व्हईल."

बाई पुढच्याच वर्षी वारल्या, असं कानावर आलं.

आम्ही कर्जताला राहायला आलो. ह्यांना स्टेशनाजवळ एका वखारीत काम मिळालं होतं, मुलांना शाळा होती. भावजी गावीच राहिले. मी सणाला जाऊन त्यांचं घर झाडून, दोन दिवसांचं रांधून यायची. शेठ गेल्यावर बंगला त्याच्या मुलाकडं आला. जांभळं पिकून गॅलरीपुढच्या फरशीवर पडायची, फरशी जांभळी व्हायची, पाहुण्यांचे कपडे खराब व्हायचे. मुलानं माणसं लावून झाड तोडलं. भावजींना आधी सांगितलं होतं, त्याच्याकडून तेवढी रीत झाली. बापानं दिलेला शब्द मुलाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मला हे कळलं तसं मी तातडीनं गेले. भावजी बागेत क्रोटनच्या कुंड्यांना पाणी घालत होते. बुंधा जमिनीलगत कापलेला होता आणि त्यावर कुणीतरी एक कुंडी ठेवली होती.

मी म्हटलं, "भावजी, आता सोडा हे काम. आमच्याकडं चला."

त्यांनी झारी खाली ठेवली, पाठ सरळ केली. किती म्हातारे झाले होते ते मला तेव्हा दिसलं.

"करू काय येऊन?" म्हणाले. "ह्या झाडांना आज पानी नाय घातलं तर दुपारपावत माना टाकतील."

आणि झारी भरायला नळाकडं गेले.